कलप सुकेपर्यंत

"काका, कलप लावून टाकूया का? कानाच्या वर पांढरे डोकवायला लागलेत."

"अरे, मी दाढीला आलोय."

"मग दाढीला लावू."

त्या आठवड्यात दादाच्या केशकर्तनालयात जो पांढरा शिरला तो काळा होऊन बाहेर पडला. विमा एजंट नुसता मिशी कोरायला आला होता, तो डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून बसला. समोरच्या जिमचा ट्रेनर, ज्याचे केस आधीच डांबरासारखे, तोसुद्धा सुटला नाही.

"दादा, माझे ऑलरेडी काळे आहेत ना!"

"आहेत. पण टिकवायला नकोत?"

ट्रेनरने आरशात स्वतःचे दंड बघितले, दंडांना काही हरकत नाही असं दिसल्यावर मान पुढे केली. दुसऱ्या खुर्चीवर काम करणारा दादाचा मेव्हणा हे सगळं बघत होता. तो स्वतः गुळगुळीत टकला, म्हणून तेवढा वाचला होता.

"भाऊजी, दुकानाचं नाव बदलूया का? कोळशाची वखार ठेवू."

दादाला हसायला वेळ नव्हता. कलप लावला की गिऱ्हाईक अर्धा तास जागचं हलत नाही, आणि तेवढा वेळ कारागिराचे हात मोकळे. हात मोकळे झाले की दादा ते पँटला पुसायचा, तुरटीच्या खड्यामागे उभा करून ठेवलेला फोन उचलायचा आणि नाकाला चिकटवून वाचायला लागायचा.

वाचायचा तो गेम होता. गेम म्हणजे त्यात गोळीबार नाही, गाड्या नाहीत, उड्या नाहीत. एक चित्र, चित्राखाली एक वाक्य. बोट टेकवलं की पुढचं वाक्य. मधूनच तीन चौकटी यायच्या, चौकटींत तीन उत्तरं. त्यातलं एक निवडायचं, आणि जे निवडाल तशी गोष्ट वळायची. म्हणजे कादंबरीच म्हणा ना, फक्त मधेमधे ती वाचणाऱ्याचीच कॉलर धरते आणि विचारते, बोल, आता काय करतोस? गेमचं नाव होतं 'बाकावरची मुलगी'. आणि तो बनवला होता दादाच्या मुलीने.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी शाळा सुटली की ती थेट दुकानात येऊन रिकाम्या खुर्चीत चढायची आणि पायाने रेटा देऊन गरागरा फिरायची; तेव्हापासून ते नाव पडलं. पुढे ती मोठी झाली, हिशेब शिकवणाऱ्या कॉलेजात गेली, आणि खुर्चीऐवजी भिंतीलगतच्या बाकावर बसायला लागली. रोज संध्याकाळी यायची. दादा कोणाच्या तरी डोक्यात बुडालेला असायचा. तो आरशातूनच विचारायचा, "काय गं? जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." तो म्हणायचा, "बस, येतोच." थोड्या वेळाने ती उठायची. "काय, काही काम होतं का?" "काही नाही." आणि जायची.

मग एक दिवस त्याच कॉलेजातला कारकून केस कापायला बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "तुमची मुलगी ना? ती तर वर्षभर फिरकलेली नाही आमच्याकडे." भर दुकानात. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. पोरगी वर्षभर सकाळी बॅग खांद्याला लावून निघायची आणि वाचनालयात बसून चित्रं काढायची, हे त्या दिवशी सगळ्या गावाला एकदमच कळलं, आणि त्या गावात दादाही होता.

संध्याकाळी ती आली तेव्हा दादा आरशातूनच ओरडला, "एकदा! एकदा तरी सांगायचंस मला!"

"रोज सांगायला येत होते."

"काय रोज? रोज येऊन बसायचीस आणि काही नाही म्हणून जायचीस!"

ती बॅग उचलून निघून गेली. त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. आईला भेटायची, मामाला भेटायची. दुकानाची पायरी मात्र ती परत चढली नाही, आणि दादानेही तिचा नंबर लावला नाही. लावू लावू म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

आणि त्या आठवड्याच्या सोमवारी बायकोने निरोप आणला. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, दिवसभर लोकांना सुया टोचायची; त्यामुळे दुखणारी गोष्ट आधी पुसून घेऊन मग एका झटक्यात करायची, ही तिची घरातलीही पद्धत.

"फोन द्या इकडे. हे घालून देते. तिने बनवलंय. आता ती काय म्हणाली ते तिच्याच तोंडाने सांगते." आणि तिने हुबेहूब मुलीसारखी मान तिरकी केली. "'आई, बाबाला सांग, शनिवारी दुपारच्या बसने मी विमानतळावर जातेय. तोवर हे पूर्ण केलंस तर स्टँडवर ये. नाही केलंस तर येऊ नकोस. उगाच खिडकीखाली उभा राहून जेवलीस का आणि पोचल्यावर फोन कर, एवढंच बोलणार. त्याला मामा पुरे.'"

"मामा पुरे म्हणजे?" मेव्हणा दारातून म्हणाला. "मी काय नुसता 'जेवलीस का' म्हणणारा माणूस आहे?"

दादा फोनकडे बघत राहिला. "विमानतळ कशाला?"

"नोकरी लागलीय. चित्रं काढायची. लांब, दुसऱ्या देशात."

"परत कधी येणार?"

"ते नाही म्हणाली."

"मग शनिवारी सरळ जातोच ना मी. वाचून काढलं म्हणून सांगतो."

"सांगा. ती विचारेल शेवटी काय होतं. मग सांगा, जेवलीस का."

"तू वाचलंस?"

"जाता येता बसमध्ये. कधीच संपवलं."

"मग तू सांग ना काय होतं ते!"

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू शीर सापडत नाहीये पण सापडेल. "मी सांगून कळायचं असतं तर तिने एवढी चित्रं कशाला काढली असती? दुकान एक दिवस बंद ठेवा आणि बसा."

दुकान बंद! दादाने तीस वर्षांत स्वतःच्या तापाला दुकान बंद ठेवलं नव्हतं. गिऱ्हाईक येणार, कुलूप बघणार, आणि पुढच्या गल्लीतल्या नव्या सलूनच्या आरसेमहालात जाऊन बसणार, ही कल्पनाच त्याला सोसायची नाही. "जमवतो," तो म्हणाला. "मधल्या वेळात जमवतो."

मधला वेळ! सकाळी कुलूप काढलं की बाकावर दोघं. दोघं संपेपर्यंत चौघं. घरी जेवून अंथरुणावर पडला की फोन धरलेला हात वर राहायचा नाही. दिवसभर खांद्याच्या उंचीला कैची धरलेला हात तो, फोन सरळ तोंडावर पडायचा. दुकानात फोन उभा केला तर बोटांना फेस, आणि फेसाचं बोट फोनला कळेना. बोट पुसून टेकवावं तर वाक्यं दोन दोन पुढे जायची. एकदा पाण्याचा फवारा मारताना थेंब उडाला आणि त्या थेंबानेच परस्पर एक उत्तर निवडून टाकलं. तेव्हा कुठे दादाला कलपाची युक्ती सुचली.

गेममध्ये एक केशकर्तनालय होतं. हेच. तीच तुरटी, तोच कोपऱ्यात तडकलेला आरसा, तोच बाक. वाचणारा जो कोणी असेल तो न्हावी, आणि बाकावर त्याची मुलगी. न्हाव्याची नुसती पाठ काढलेली, आरशात दिसलं तर नुसतं कपाळच. मुलगी यायची, बसायची, तिला काहीतरी सांगायचं असायचं. आणि नेमक्या त्या वेळी तीन चौकटी उगवायच्या.

इथेच दादाच्या धंद्याने त्याचा घात केला. बारीक की मध्यम? कल्ले ठेवू की उडवू? मागे गोल की सरळ? तीस वर्षं तो विचारत आला होता आणि गिऱ्हाईक म्हणेल तसं करत आला होता. स्वतःच्या मनाने कुणाचे कल्ले उडवणारा कारागीर दोन दिवस टिकत नाही. त्यामुळे पहिल्या चौकटी आल्या तशा त्याने सवयीने मान वळवली आणि खुर्चीतल्या माणसाला विचारलं, "हं, काय ठेवू?"

खुर्चीत विमा एजंट होता. टोपीखालून डोळे बारीक करून त्याने पर्याय वाचले. "बघा दादा, आपण घाईत निर्णय नको घ्यायला. 'बस, येतोच' हा कसा आहे, सेफ आहे. काही कमिट होत नाही."

'बस, येतोच.' टेकवलं बोट.

दुसऱ्या दिवशी हेडसर होते. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी घरातून शाळेच्या वेळेला निघायचे आणि शाळा नसल्यामुळे दादाकडे यायचे. "मुलगी बापाच्या कामाच्या जागी येऊन बसते, हीच मुळात बेशिस्त," ते म्हणाले, आणि 'बे' वर असा जोर दिला की कलपाचा थेंब उडाला. "दोन नंबर. 'घरी जाऊन अभ्यास कर.' लाव."

ट्रेनरला तिसरा आवडला. "'काय झालं?' हे मस्त आहे, दादा. ओपन आहे. पण टोन चिल ठेवायचा."

"फोनमध्ये टोन कुठे असतो रे?"

"तेच ना. लोचा तिथेच होतो."

दुकानात गेमची चर्चा रंगायला लागली. बाकावरची माणसं नंबर आला तरी उठेनात. "पोरीचं कुठपर्यंत आलं?" म्हणून रस्त्यावरून जाणारा भाजीवाला आत डोकवायचा. मेव्हण्याने तर मतं मोजायला हात वर करायची पद्धत सुरू केली. सगळ्यांना मजा येत होती, आणि दादा मात्र दिवस मोजत होता, कारण बुधवार संपला तरी गेममधला न्हावी अजून गोष्टीच्या पहिल्याच महिन्यात होता.

गुरुवारी त्याला ते बटण सापडलं. कोपऱ्यात एकापुढे एक दोन बाण. सहज अंगठा लागला आणि वाक्यं धावत सुटली. चित्रं भराभर पालटली, मुलगी आली, बसली, उठली, आली, बसली, उठली, कपडे बदलले, दिवे लागले, विझले. दादाला एवढं हलकं वाटलं की त्याने शीळ घातली.

"मेव्हण्या, हे बघ! आधी का नाही सांगितलं कुणी? आता आज संपतंय."

आणि संपलंही. रिकामा बाक, त्याच्यावर कुणाची तरी विसरलेली छत्री, आणि खाली 'समाप्त'. दादाने टाळी वाजवली. मग शेजारच्या खुर्चीतून, आज मिशीच्या कलपाला परत बसवलेला विमा एजंट म्हणाला, "दादा, ओठावर जरा चुरचुरतंय." मिशीचा कलप धुवायचा राहून गेला होता. धुतला तेव्हा मिशीसकट तिच्याखालची कातडीही काळी झाली होती, आणि एजंट आरशात बघून इतक्या हळू आवाजात "हे कव्हर होत नाही," म्हणाला की मेव्हण्याला पाठ फिरवावी लागली.

घरी दादाने ऐटीत फोन बायकोसमोर ठेवला. "झालं. बाक रिकामा राहतो."

"छत्री होती?"

"होती."

"हा शेवट नाही. म्हणजे आहे, पण सगळ्यात घाईतला. पळवलंत ना?"

दादाने अंगठा मुठीत लपवला.

"अजून शेवट आहेत."

"किती?"

"एकच खरा आहे."

"अगं, मग तो कसा येतो तेवढं तरी सांग! नुसता इशारा कर. मान हलव. मी एकेक म्हणतो, तू मान हलव!"

आणि तो खरोखर तिच्यासमोर बसून एकेक म्हणायला लागला. काय झालं? जेवलीस का? चल घरी जाऊ? बायको भांडी पुसत होती. आधी ती हसली. मग त्याचा आवाज चिरकला तसं तिने फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही मला विचारताय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना विचारता, माझ्या भावाला विचारता. आख्ख्या बाजाराला विचारून झालं. आणि ती तिथे बसलीय."

शुक्रवारी कलप संपला. डबाच रिकामा. आता मधला वेळ नाही. दादाने एका हाताने कंगवा, एका हाताने फोन असं करून पाहिलं. एका गिऱ्हाइकाच्या केसांत मागे पायरी पडली आणि तो कधी नव्हे ते न बोलता उठून गेला. पण दादा थांबला नाही. त्याने पहिल्यापासून घेतलं, बाण न दाबता. कुणाला न विचारता. शेवटच्या संध्याकाळचा प्रसंग यायचा, मुलगी बाकावर, मान खाली, हातात बॅगेचा पट्टा. तीन चौकटी. 'जेवलीस का?' म्हटलं की 'हो' म्हणून जायची. 'बस, येतोच' म्हटलं की बसायची, आणि मग जायची. 'काय झालं?' यावर तर त्याची मदार होती. माणसाने अजून काय विचारायचं? ती म्हणायची, 'काही नाही.' आणि रिकामा बाक. समाप्त.

तो परत परत मागे जाऊन तीन उत्तरं उलटीसुलटी दाबत राहिला. बोटाचं टोक हुळहुळायला लागलं.

"ही पोरगी जिंकूच देत नाही," तो मेव्हण्याला म्हणाला. आवाज रडवेला होता, आणि तो लपवायचंही त्याला सुचलं नाही. "तीन दारं आहेत आणि तिन्ही भिंतीत उघडतात. मग ये म्हणाली कशाला? नको येऊस म्हणायचं ना सरळ."

मेव्हण्याला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. "भाऊजी, उद्या तसेच चला. मी सांगतो तिला. फार केलं म्हणून सांगतो."

"तिने ये म्हटलं नाहीये मला. पूर्ण केलं तर ये म्हटलंय."

शनिवारी बायको आणि मेव्हणा स्टँडवर निघून गेले. दादाने शेवटी तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं: भर दिवसा दाराला आतून कडी घातली. पण कडी घालायच्या आधीच हेडसर आत येऊन बसले होते, आणि बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवणं त्याच्या हातून होईना. दाढी तर दाढी, पटकन उरकू आणि मग बसू. फोन त्याने तुरटीमागे उभा केला. पडदा विझू नये अशी व्यवस्था ट्रेनरने करून दिली होती. शेवटचा प्रसंग उघडा होता, मुलगी बाकावर, आणि चौकटी यायच्या होत्या.

त्याने सरांच्या दोन्ही गालांना फेस केला. मिशी ते गळा, सगळं पांढरं. वस्तरा हातात घेतला, डाव्या गालावरून पहिला हात मारला, दुसरा मारला. डावी बाजू झाली. वरच्या ओठापाशी आला, आणि चौकटी उगवल्या.

"सर, कोणतं?" सवयच ती.

सरांच्या ओठावर वस्तरा होता. "ऊं," ते म्हणाले.

दुसऱ्या खुर्चीत कुणी नाही. बाकावर कुणी नाही. दाराला कडी. दादाच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत फेस, उजव्या हातात वस्तरा, आणि वस्तऱ्याखाली हेडसर. पडद्याला हात लावायचा म्हटलं तरी लावता येत नव्हता. तीन चौकटी त्याच्याकडे बघत होत्या आणि तो त्यांच्याकडे. बस सुटायची वेळ होत आली होती. पुसतो हात, तो मनात म्हणाला, एवढा ओठ झाला की पुसतो, आणि पुसून तरी काय, 'काही नाही'च म्हणणार आहे ती.

पहिली चौकट विरली.

दादाचा वस्तरा थांबला. दुसरी विरली. मग तिसरी. बाकावरच्या मुलीने मान वर केली. एवढ्या दिवसांत तिने मान वर केलेली त्याने पाहिली नव्हती.

'बाबा, ऐक ना.'

त्याने काही केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं! वाक्य आपणच सरलं आणि दुसरं आलं, सावकाश.

'तुझ्या खुर्चीत जो बसतो त्याचं तू सगळं ऐकतोस. विम्याच्या काकांच्या किडनीत खडा आहे, ते तुला माहीत आहे. हेडसरांची सून त्यांच्याशी बोलत नाही, तेही माहीत आहे.'

दादाने चोरून सरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते.

'बाकावर बसणाऱ्याला तू म्हणतोस, बस, येतोच.'

'म्हणून मी एकदा नंबर लावला.'

आणि तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला पट्टी आली आणि फोन थरथरायला लागला. बायको. बस सुटत असणार. आत्ता हात पुसला, मागच्या गल्लीतून पळत सुटला, तर अजून गाठता येईल. सांगता येईल, सापडलं, मला सापडलं! नाहीतर ते दोन बाण होते. एक अंगठा, की सगळं सर्रकन संपेल आणि मग पळता येईल. फेसाचा हात फोनपर्यंत गेलासुद्धा.

तो तिथेच हवेत राहिला. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. खाली वाक्य बदललं.

'माझ्या आधी तीन माणसं होती. ती झाली. मग मी उठून खुर्चीत बसले.'

'तू कापड झटकलंस आणि म्हणालास, ऊठ गं भिंगरी, खेळायचं वय आहे का आता? काकांना बसू दे.'

'सगळे हसले. मी पण हसले.'

दादाला आठवलं. ते हसू त्याला सगळ्यात आधी आठवलं, कारण त्यात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. त्याला वाटलं होतं, पोरगी फिरायला बसलीय, लहानपणीसारखी. त्याला बरंसुद्धा वाटलं होतं तेव्हा.

'कॉलेज सोडलंय एवढंच सांगायचं नव्हतं. मला खूप भीती वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं. बाकावरून एवढं मोठ्याने कसं सांगायचं?'

मग वाक्यं थांबली. चित्रातला न्हावी, ज्याची आजवर नुसती पाठ होती, तो हळूहळू वळला. त्याला चेहरा होता. कानापाशी तीळ होता, हनुवटीवर जुन्या वस्तऱ्याची चीर होती, उजवी भुवई डावीपेक्षा विरळ होती, जी दादाने स्वतःच आरशात कधी नीट पाहिली नव्हती. खाली काही लिहिलं नव्हतं. 'समाप्त' सुद्धा नाही.

"दादा," हेडसर डोळे न उघडता म्हणाले, "झालं का?"

"नाही, सर."

फोन परत थरथरला. या वेळी त्याने हात पुसले आणि उचलला. "अहो, गेली," बायको म्हणाली. मागे स्टँडचा गलका होता. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. कुठे होतात?"

"ऐकत होतो," दादा म्हणाला. आणि त्याने फोन ठेवला.

मग तो भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला. स्वतःच्या दुकानात तो या बाकावर कधी बसला नव्हता. इथून आरशात फक्त खुर्चीतल्या माणसाचं तोंड दिसत होतं, फेसाने अर्धं पांढरं. खुर्चीमागे कापणारा उभा असता, तर त्याची नुसती पाठ दिसली असती. तो बराच वेळ ते बघत राहिला, आणि मग वर्षभर न लावलेला नंबर त्याने लावला.

घंटी वाजत राहिली, आता तुटणार असं वाटेपर्यंत. मग उचलला गेला. पलीकडे बसचं इंजिन, कुणाचं तरी मूल, गिअर बदलल्याचा आवाज. दादाच्या जिभेच्या टोकावर 'जेवलीस का' आलं, अगदी दातांपर्यंत आलं, आणि त्याने ते गिळलं.

बस कुठेतरी थांबली, परत निघाली.

"दुकानात कोण आहे?" तिने विचारलं.

"हेडसर आहेत. अर्धे झालेत."

"मग?"

खुर्चीतून हेडसरांनी एक डोळा उघडून आरशात पाहिलं. उजव्या गालावरचा फेस सुकून भेगाळायला लागला होता. दादाने त्यांना लांबूनच हात दाखवला.

"मग काही नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "अर्धी दाढी झालेला माणूस जातोय कुठे? तू बोल."